डभोईची प्रेमकथा आणि पणजीचा घटस्फोट: एवढं रहस्य कादंबरीला पुरेल का?

सुरसागरकाठी:
मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारी कादंबरी एकदाची लिहायला घेतली आहे. सरळ प्रेमकथा आहे, सामाजिक आशय वगैरेचा आव नाही. गाव डभोई. बडोद्याहून तीसेक किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन जेवायला परत येता येईल एवढंच लांब, पण बडोदेकर तिथं कामाशिवाय फिरकत नाहीत. मला तेच हवं होतं.

नायिका मुक्ता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आजीच्या, म्हणजे वडिलांच्या आईच्या, हाताखाली वाढलेली. जुन्या इमारतींच्या नोंदी करण्याचं काम करते, त्यासाठी डभोईला हिरा भागोळीवर, म्हणजे तिथल्या जुन्या वेशीवर, येते. नायक निनाद. घर मराठी, पण पिढ्या डभोईत गेल्यामुळे स्वप्नंसुद्धा गुजरातीत पडणारा. संखेड्याच्या खराद्यांकडून पाळणे, सोफे घेऊन पुण्या-मुंबईला पाठवतो.

आता रहस्य. मुक्ताच्या आजीची आई यमुना. तिचं पहिलं लग्न डभोईत झालेलं. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला, त्याचा आधार घेऊन यमुना १९३४ मध्ये मोकळी झाली. मुलगा विनायक नवऱ्याकडेच राहिला. तिनं बडोद्यात दुसरं लग्न केलं, त्यातून मुक्ताची आजी. आणि निनाद हा विनायकचा नातू. हे मुक्ताला ठाऊक नाही, निनादलाही नाही.

विचारायचंय ते असं. आजच्या वाचकाला पणजीचा घटस्फोट हे रहस्य वाटेल का? आणि असं नातं निघाल्यावर दोघांचं लग्न लावावं की नाही?

लीलोचिवडो:
पयलीऽऽ! विषय मस्त आहे ने.
इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत नायिका शहरातली नोकरी सोडून गावी येते आणि आजीची बेकरी चालवते. तुमची मुक्ता नोंदी करत बसली तर खाणार काय? तिला सेव-उसळीची गाडी टाकून द्या. वरून तरी मागून मागून घेणारा तो नायक.

सुरसागरकाठी:
@लीलोचिवडो, गाडी येईल, पण ती निनादच्या मित्राची. आणि तरी मागणारी मुक्ता.

छोटी_लाइन:
डभोई म्हटलं की मी आलोच. गाडीचा प्रसंग असणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मुक्ता आजच्या काळात छोट्या गाडीतून डुलत डुलत डभोईला उतरली असं लिहू नका. ती लाइन आता ब्रॉडगेज आहे. जानेवारी २०२१ मध्ये केवडियापर्यंतच्या मार्गाचं उद्घाटन झालं तेव्हा डभोईचं नवं स्टेशनही त्यात होतं.

पण यमुनेच्या काळासाठी मात्र हात सढळ ठेवा. डभोई ते मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज, १८६२ची, खंडेराव महाराजांच्या अमलातली. रूळ अडीच फुटांचे आणि सुरुवातीला डबे ओढायला चक्क बैल! इंजिनं मागाहून आली. पुढे डभोई हे छोट्या गाड्यांचं एवढं मोठं जंक्शन झालं की चहूकडून लाइनी येऊन मिळायच्या. यमुनेच्या पहिल्या नवऱ्याला गायकवाडी रेल्वेत कारकून करा. बायको घर सोडून निघाली तीही त्याच्याच गाडीनं, आणि तिकीट फाडणारा त्याचाच मित्र. स्टेशनावरच्या सगळ्यांना कळलंय, कोणी बोलत नाही. गावात रहस्य असंच राहतं, सगळ्यांना माहीत असून.

सुरसागरकाठी:
@छोटी_लाइन, कारकून घेतला! गाडी तशीही भूतकाळातच आहे. मुक्ता आणि निनाद बाइकवर आहेत.

तिरपा_डोळा:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २०२४ मध्ये पणजीचा घटस्फोट ऐकून कुठली पंचवीस वर्षांची मुलगी कोसळणार आहे? ती म्हणेल, वॉव, पणजी कूल होती, आणि स्टेटस टाकेल. मी तिच्या जागी असतो तर फोटो शोधून फ्रेम केला असता. रहस्य फुटल्यावर कोणाचं तरी काहीतरी मोडलं पाहिजे. इथं काहीच मोडत नाही.

बाबाजीपुरा:
तिरपा_डोळा यांच्याशी सहमत आणि असहमतही. मुलगी कोसळणार नाही, पण आजी कोसळेल ना? आमच्या घरातला किस्सा सांगते.

आमची आजी दर दिवाळीला फराळाचा एक डबा वेगळा भरायची. करंज्या, अनारसे, कडबोळी, सगळं निवडून. तो डबा काका सायकलवर घालून पाणीगेटच्या पलीकडे एका घरी पोचवायचे. कोण आहेत विचारलं तर "लांबचे". काकाही तेवढंच म्हणायचे. आजी गेल्यावर तेराव्याला त्या घरातले एक वयस्कर गृहस्थ आले, दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. नाक थेट आजीचं. आजोबांशी लग्न होण्याआधी आजीचं एक लग्न झालेलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी दारात कळलं. माझ्या आईला म्हणाल तर तिला नवल वाटलं नाही, सून म्हणून आल्या वर्षीच तिनं ओळखलं होतं. पण आत्या आजही तो विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. सत्तरी ओलांडलेली, एका कॉलेजात शिकवलेली बाई आहे हो ती.

तेव्हा रहस्य कोणाला जड आहे ते पाहा. मुक्ताला नाही, तिच्या वरच्या पिढीला.

लीलोचिवडो:
बाबाजीपुरा ताई, काटा आला. ते गृहस्थ पुढे येतात का तुमच्याकडे?

बाबाजीपुरा:
आता डबा त्यांच्याकडून येतो. शंकरपाळे जरा कडक असतात.

गावठी_कोंबडा:
सगळे एका सुरात बोलताय म्हणून मोडता घालतो. तुमची यमुना कुठल्या जातीची ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं. काडीमोड, सोडचिठ्ठी, पाट हे महाराष्ट्रातल्या बहुतेक जातींत कायद्याच्या आधीपासून चालत आलेलं. आमच्याकडे पणजीनं पाट लावला हे सगळ्या भावकीला माहीत आणि कोणी आवाज खाली करून सांगत नाही. "ही पाटाची" म्हणून हळदीकुंकवाला मागे बसवायचे, तो अपमान होता, पण लपवाछपवी नव्हती. १९३१च्या कायद्याची गरज पडली ती ज्यांच्याकडे ही वाटच नव्हती त्यांना. म्हणजे तुमचं रहस्य एका विशिष्ट घरातलंच रहस्य आहे. ते तसं लिहा, "त्या काळात बायका असं करत नसत" असं सरसकट वाक्य कादंबरीत दिसलं तर मी पुस्तक परत करेन.

सुरसागरकाठी:
@गावठी_कोंबडा, सरसकट वाक्य येणार नाही. निनादच्या आईचं माहेर पाट लावणारं आहे असं केलं तर? तिला हे सगळं प्रकरण ऐकून हसूच येतं. "एवढ्यासाठी नव्वद वर्षं तोंड शिवून बसलात?"

गावठी_कोंबडा:
हे वाक्य ठेवा. तिला जास्त बोलू द्या.

पागोळी:
मला कायद्यातलं कळत नाही, पण तो काळ बडोद्यात बायकांसाठी बराच पुढचा होता हे घरात ऐकलंय. बालविवाहाविरुद्धचा कायदा १९०४चा, सक्तीचं मोफत शिक्षण १९०६पासून संस्थानभर. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) १९२७ साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष. आणि न्यायमंदिराच्या इमारतीला नाव पहिल्या चिमणाबाईंचं, महाराजांच्या दिवंगत पत्नीचं. त्या नावाच्या इमारतीत नवऱ्यापासून सुटका मागायला उभी राहिलेली बाई... तुम्ही लिहा, मी वाचायला तयार आहे. आता कोर्ट तिथून हललं आहे, त्यामुळे मुक्ताला तिथं कोर्ट दिसणार नाही हे लक्षात ठेवा.

तिरपा_डोळा:
मुद्दा परत तोच. इतिहास छान, पण मोडतंय काय?

काळा_कोट:
वकिली करतो म्हणून दोन शब्द. सुरसागरकाठी, तुम्ही लिहिलंय तसं ठेवलंत तर तुमच्या नायक-नायिकेचं लग्न रद्दबातल आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५. सपिंड नातं, म्हणजे ज्यात लग्न चालत नाही असं रक्ताचं नातं, आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत आणि वडिलांकडून पाचव्या पिढीपर्यंत धरतात. मोजताना ती व्यक्ती स्वतः पहिली. मुक्ता एक, तिचे वडील दोन, आजी तीन, यमुना चार. वडिलांकडून चौथी, म्हणजे मर्यादेत. निनाद एक, वडील दोन, विनायक तीन, यमुना चार. तोही मर्यादेत. आई एक आणि बाप वेगळे असले तरी कायदा ते नातं धरतो. दोघांच्या समाजात तशी रूढी असल्याचं सिद्ध झालं तरच सुटका.

उपाय सोपा आहे. आजीला मुक्ताच्या आईची आई करा. मग यमुना आईकडून चौथी होते, तिथली मर्यादा तीन, म्हणून सपिंड नाही. सामाईक पूर्वज दोघांच्याही मर्यादेत असावा लागतो, एकाच्या असून चालत नाही. निनादच्या बाजूला काही बदलू नका.

दुसरा रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४. तिथं सपिंडाचा प्रश्न नाही, फक्त निषिद्ध नात्यांची यादी आहे आणि एवढं लांबचं नातं त्या यादीत बसत नाही. पण तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागते आणि कोणीही हरकत घेऊ शकतं. कादंबरीकाराला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

छोटी_लाइन:
हरकत घ्यायला येणारा गृहस्थ म्हणजे तिकीट फाडणाऱ्याचा नातू!

लीलोचिवडो:
काळा_कोट काका, मी बोटांवर मोजलं, मग माझ्या मिस्टरांचं आणि माझं मोजलं. आम्ही आते-मामे. आमचं काय?

काळा_कोट:
रूढी. झोपा शांत.

पागोळी:
तेवढ्यासाठी आजी बदलायची? दांडिया बाजारचं घर मग आजोळ होईल. पण मला तर ते जास्त आवडलं. आजोळी वाढलेली मुलगी, का वाढली ते आणखी एक छोटं कोडं.

सुरसागरकाठी:
आजी आईची आई. ठरलं. मुक्ताचे वडील सूरतला असतात, त्यांच्याबद्दल कोणी विचारायचं नाही.

दगडफूल:
उशिरा आले. अवांतर आहे, पण डभोईवर लिहिताय आणि तिथल्या जुन्या प्रेमकथेचं कोणी नावच काढलं नाही? हिरा भागोळीची दंतकथा. वेस बांधणारा कारागीर हिराधर. त्यानं राजाच्या कामातले दगड चोरून आपल्या लाडक्या तेनासाठी तळं बांधलं. राजाला कळलं तेव्हा त्याला त्याच वेशीच्या भिंतीत जिवंत चिणलं. मग दगडांच्या फटीतून त्याला तूप पाजून जगवलं, असंही सांगतात. तेना तळाव आजही आहे. मुक्ता त्याच भागोळीच्या नोंदी करते आहे. चोरलेला दगड, लपवलेलं प्रेम, भिंतीत बंद माणूस, हे सगळं तिच्या मोजपट्टीखाली आहे. पण कृपा करून निनादच्या तोंडून ही कथा सांगायला लावू नका, गाइडसारखा दिसेल. रिक्षावाल्याला सांगू द्या, आणि चुकीची सांगू द्या.

बाजीरावाचा_घोडा:
डभोईत मराठी घरांची भांडणं काही आजची नाहीत. १ एप्रिल १७३१, थोरले बाजीराव विरुद्ध सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. सेनापती पडले. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूला होते, म्हणजे पुढे ज्यांचं राज्य झालं ते त्या दिवशी हरलेल्या पक्षात! निनादचे आजोबा अजून त्या लढाईवरून वाद घालतात असं दाखवा.

तिरपा_डोळा:
एप्रिल फूलला लढाई. बरं.

कोठीवरचा_कावळा:
आता मूळ प्रश्नावर येतो. सगळे जण यमुनेच्या मागे लागलात, ती बिचारी कधीच गेली. घराकडे बघा, घराकडे. दांडिया बाजारातलं जुनं घर कोणाच्या नावावर आहे? यमुनेच्या असेल तर तिचे वारस कोण? मुक्ताची आजी एकटीच?

काळा_कोट:
अहो कावळेराव, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं! घर यमुनेच्या नावावर, मृत्युपत्र नाही, दुसरा नवरा आधीच गेलेला आणि ती १९५६ नंतर वारली असं धरा. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५. बाईच्या मागे तिची मुलं वारस, मग ती कुठल्याही नवऱ्यापासूनची असोत. म्हणजे निम्मं घर विनायकचं. आज निनादच्या घराण्याचं.

कोठीवरचा_कावळा:
आणि वारसाई लावताना पेढीनामा द्यावा लागतो. तलाठ्यापुढे, पंचांच्या सह्यांनी, मयताचे वारस कोण कोण ते लिहून. यमुना वारली तेव्हा हा पेढीनामा कोणी दिला? आजीनं. त्यात किती नावं लिहिली? एक.

म्हणजे विनायक नावाचा भाऊ आहे हे माहीत असूनही आजीनं सही केली. मुक्ताची लाडकी आजी, जिनं तिला वाढवलं. आता तिरपा_डोळा यांनी सांगावं, मोडलं की नाही?

तिरपा_डोळा:
मोडलं. मानलं.

दगडफूल:
बापरे. म्हणजे रहस्य १९३४चं नाहीच. समजा यमुना १९७६ला गेली, तर रहस्य १९७६चं.

बाबाजीपुरा:
पण आजीला लबाड करू नका हं. आमच्या आजीकडे बघून सांगते. तिनं पैशासाठी सही केली नसेल. पंच शेजारचे होते, त्यांच्यासमोर "मला एक भाऊ आहे" म्हणायचं म्हणजे आईचं पहिलं लग्न सांगायचं. आई नुकतीच गेलेली. सही करून मोकळी झाली, आणि मग दर दिवाळीला डबा.

गावठी_कोंबडा:
डबा पाठवून अर्धं घर फिटत नाही ताई. विनायकनं डबा परत पाठवलेला दाखवा. एकदा तरी.

पागोळी:
मला काळजी वेगळीच वाटते. आता ही प्रेमकथा राहिली का दाव्याची फाइल झाली? घर पाडून तिथं फ्लॅट होणार, बिल्डर नव्यानं पेढीनामा मागणार, निनाद घरात येणार, आणि मुक्ताच्या मामाला वाटणार की हा हिश्शासाठीच प्रेम करतोय. वाचक म्हणून मला दोघांची पावसातली भांडणं हवीत, सातबारा नको.

कोठीवरचा_कावळा:
पण तेच तर भांडण! निनादला आधी कळलेलं असू दे. मुक्ताला भेटल्यावर, पण प्रेम कबूल करायच्या आधी. तो सांगत नाही, कारण सांगितलं तर हिश्शाचा संशय, आणि न सांगता हो म्हणवून घेतलं तर फसवणूक. पावसात भांडा की मग.

लीलोचिवडो:
निनादला कळतं कसं? पत्र्याच्या ट्रंकेत पत्रं सापडली असं लिहिलंत तर मी धागा सोडून जाईन. आणि मोडी लिपी वाचणारे म्हातारे गुरुजीही नकोत.

छोटी_लाइन:
नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. तिथं घराण्यांची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असते आणि आलेल्या माणसाची सही घेतात. विनायक वारल्यावर निनादचे वडील विधीला गेले, निनाद गाडी चालवायला सोबत. वही उघडली तर विनायकची जुनी सही, आईचं नाव यमुना, आणि पुढे तिचा बडोद्याचा पत्ता. त्यानं स्वतःच लिहून ठेवलेला. घरी कधी बोलला नाही, पण उपाध्यायाला सांगितलं.

दगडफूल:
हे मला पटलं. आणि पत्ता ओळखीचा, कारण त्याच दारापुढे तो मुक्ताला बाइकवरून सोडून आलेला.

सुरसागरकाठी:
तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी कादंबरी पळवलीत, आणि मला त्याचं काही वाटत नाहीये. सध्या असं ठरवते. वही निनादला मध्यावर सापडते. पेढीनामा मुक्ताला शेवटच्या तिसऱ्या भागात, बिल्डरच्या कागदांत. आजी जिवंत आहे आणि तिला शेवटपर्यंत सगळं आठवतंय, विसरण्याचा आजार वगैरे देऊन मी तिला सोडवणार नाही. लग्न होईल. हिश्शाचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. निनादनं हक्क सोडला तर फारच देवमाणूस वाटतो.

काळा_कोट:
त्याला एकट्याला सोडताही येणार नाही. वडील आहेत, विनायकला मुली असतील तर आत्या आहेत. प्रत्येकाची सही लागेल. एक आत्या हटवादी ठेवा.

निनादची_आत्या:
हा आयडी आत्ताच काढला. मी सही करणार नाही. आधी माझ्या वडिलांचं नाव त्या पेढीनाम्यात लिहा, मग बोलू.

लीलोचिवडो:
😂😂 कोण आहे रे हा?

सुरसागरकाठी:
कोणी का असेना, आत्याचं पहिलं वाक्य मिळालं. एकविसावं प्रकरण लिहायला बसते.

गावठी_कोंबडा:
निनादच्या आईचा संवाद विसरू नका.